उघाडी

नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. रायगडातलं खाडीकाठचं शहर, नाव नको. नगरपरिषदेत मी बांधकामाकडे. सकाळी अकरापासून पाऊस कोसळत होता आणि पावणेएकला उधाणाची भरती. आमच्या कामात तारखेपेक्षा तिथी उपयोगी: पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, मग रोज पाऊण तासाने पुढे.

गटार कचऱ्याने तुंबतं असं लोक धरून चालतात. तुंबतंही. पण आमच्या मुख्य नाल्याचं तोंडच उधाणाच्या पातळीखाली आहे, त्यामुळे नाला घासूनपुसून ठेवला तरी खाडी उलटी आत शिरते. मुंबईची जुनी गटारं ताशी 25 मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीत पडेल असं धरून बांधली होती. 26 जुलै 2005 ला काय झालं ते ठाऊकच आहे. आमच्याकडे तेवढंही कुणी धरलं नव्हतं. म्हणून मागे लागलो आणि नाल्याच्या तोंडाला झडप बसवून घेतली. ओतीव लोखंडाची, वर बिजागऱ्या, कडेला रबर. ओहोटीत आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीत खाडीच तिला दाबून धरते. मोटर नाही, माणूस नाही. तिचं मला फार कौतुक.

त्या दिवशी झडप चोख बसली होती. आणि आतल्या तीन आळ्यांत गुडघाभर पाणी, पावसाचं.

दहा-पंधरा जण पहारी घेऊन आले. "साहेब, उघडा, नाहीतर आम्ही उघडतो." मी पट्टी दाखवत होतो: बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा हातभर वर, उघडलं तर खाडी घरात. नगरसेवकही उघडाच म्हणाले, अर्थात फोनवरून.

गर्दीत एक आगरी आजोबा होते, आयुष्यभर खारात, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या जमिनीत, भात केलेले. झडप निरखून म्हणाले, "ही त आमची उघारीच." उघारी म्हणजे उघाडी, खाराच्या बांधातली अशीच झडप. मी खूश. मग म्हणाले, "पन उघारीमागं आमचं शेत असायचं. भरती उतरंपर्यंत पानी शेतान बसायचं. तुमचं बसनार कुठं?"

नाल्यालगत खोलगट जागा होती, पावसाळ्यात बदकं यायची. तिथे आता भराव आणि दोन इमारती. त्या नाहरकतीवर दुसरी सही माझी आहे.

अडीचच्या पुढे झडप थरथरली, करकरली, आणि पाणी सुटलं. तासाभरात आळ्या मोकळ्या. अडवलं ते बरोबरच केलं, अजूनही म्हणतो. पण पहारवाल्यांतल्या एकाची पिठाची गिरणी होती, तिची मोटर गेली. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

उरलेली एक मोकळी जागा पाण्यासाठी राखा, असा प्रस्ताव दिला. वरून उत्तर आलं, पंप बसवा. पंपाचं उद्घाटन करता येतं, डबक्याचं कोण करणार! मी लिहिलं, पंपाला वीज लागते; जून 2020 मध्ये निसर्ग वादळानंतर रायगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती.

फाइल परत आली. शेरा: 'डिझेल जनरेटरचा समावेश करावा.'