थांब, दशक सुटा करू

स्मरणिकेत आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. माझं रोजचं काम पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर आहे, म्हणून आपल्या प्राथमिक विभागातल्या बाईंशी आणि सरांशी एका कामाच्या विषयावर बोलतो: अडलं की मूल स्वतःला काय सांगतं?

‘मी हुशार आहे, मला सगळं येतं’ असं वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेतात. ज्याची वजाबाकी रोज चुकते, त्याला ते खोटंच वाटतं. नेदरलँड्समध्ये ९ ते १३ वर्षांच्या मुलांना गणिताच्या चाचणीच्या मध्यावर एक वाक्य मनात म्हणायला सांगितलं. ‘मी पूर्ण प्रयत्न करीन’ म्हटल्यावर आत्मविश्वास कमी असलेल्या मुलांची कामगिरी सुधारली. ‘मला हे छान जमतं’ म्हटल्याने नाही.

मुलाला असं स्वतःशी बोलायला शिकवण्याचा क्रम मायकेनबॉम आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडला, तो आजही चालतो. ५२ वजा २७ घ्या. आधी बाईंनी फळ्यावर मोठ्याने बोलत करायचं: ‘दोनातून सात जात नाहीत. थांब. एक दशक सुटा करू. बारातून सात गेले, पाच उरले.’ मग बाई बोलतील, मूल करील. मग मूल स्वतः मोठ्याने बोलत, नंतर पुटपुटत आणि शेवटी मनात. एकदा बाईंनी मुद्दाम चुकायचंच: ‘पस्तीस? अरेच्चा, मी सातातूनच दोन काढले. हरकत नाही, परत बघू.’ हे गाळलं तर मुलाला बरोबर गणिताचे शब्द मिळतात, चुकल्यावर काय म्हणायचं ते मिळत नाही.

बिघडतं बहुतेक पुटपुटण्याच्या पायरीवर. या वयात मूल स्वतःशी बोलतं ते विचार करण्यासाठीच, हे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कींनी फार पूर्वी सांगितलं आहे. ‘तोंड बंद, मनात कर’ म्हटलं की त्याचा आधारच जातो. वर्गात थोडी कुजबुज चालू द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलाने स्वतःला म्हणायचं वाक्य चार-पाच शब्दांचं आणि घरच्या बोलीतलं असावं. ‘जमंल, हळूहळू कर’ असं मूल म्हणत असेल तर ते शुद्ध करायला जाऊ नये. सराव आधी सोप्या गणितांवर. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा आठवण करून दिली तर गोंधळ वाढतो. आणि एखादं मूल गणित सोडून इतर वेळीही ‘मी वाईटच आहे’ म्हणत राहिलं, तर वाक्यं बदलत बसू नये. पालकांशी बोलून समुपदेशकाकडे पाठवावं.

जूनमध्ये दुसरीच्या वर्गात हे सुरू करायचं असेल, तर पहिले काही दिवस येऊन बसायला मी आनंदाने तयार आहे.