कशावरून?

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काकांविषयी लिहावे, असे पत्र आले, तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती त्यांना काका म्हणावे की सर, ही. घरी ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मात्र शाळेच्या फाटकाच्या आत मी त्यांना काका म्हटलेले त्यांना चालत नसे. वाईसारख्या गावात, जिथे मास्तर घाटावर, मंडईत आणि ढोल्या गणपतीपाशी रोजच भेटतात, तिथे ही मर्यादा पाळणे सोपे नव्हते. माझ्या शिक्षणाच्या साऱ्या वर्षांत त्यांनी ती एकदाही मोडली नाही.

ते इतिहास शिकवत. वही तपासताना समासात लाल शाईने एकच शब्द लिहीत: ‘कशावरून?’ उत्तर चूक की बरोबर, हे त्यावरून कळत नसे. ते आपणच शोधायचे असे.

आठवीत असताना त्यांनी आमचा वर्ग हळदीच्या शेतांमधून चालत मेणवलीला नेला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती असून १७०७ हे साल कोरलेले आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेत ती मराठ्यांच्या हाती लागली, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी मी निबंधात मोठ्या आवेशाने लिहिले, की चिमाजी अप्पांनी ही घंटा नाना फडणवीसांना भेट दिली. वही परत आली ती समासातल्या त्या लाल शब्दासह.

मी घरी रुसून बसलो. काकांनी समजूत काढली नाही. जेवण झाल्यावर चरित्रकोश पुढ्यात ठेवला आणि दोन्ही नोंदी मोठ्याने वाचायला सांगितल्या. चिमाजी अप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले होते. नानांचा जन्म १७४२ च्या फेब्रुवारीतला. भेट देणारा गेल्यावर सव्वा वर्षाने घेणारा जन्माला आला होता! मी वर पाहिले, तेव्हा काका हसत होते, आणि आपल्या पुतण्याला हे स्वतः सापडले याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. पुढे मी जे काही शिकलो, त्यातले पुष्कळसे विसरलो. पण त्या रात्री कंदिलाच्या उजेडात जुळलेली ती दोन साले अजून जशीच्या तशी समोर उभी राहतात.

त्यांच्या कडकपणाची आठवण अनेकजण काढतात आणि ती खरीही आहे. मात्र पावसाळ्यात आमच्या ओसरीवर एक दोरी बांधलेली असे, हे फार थोड्यांना माहीत असेल. बावधन, पसरणीहून पायी येणारी मुले आपले भिजलेले सदरे तिच्यावर वाळत घालत, काकू त्यांना घरातले कोरडे कपडे देई, आणि शाळा सुटल्यावर ती मुले आपापले सदरे घालून घरी जात. याविषयी काका शाळेत कधी बोलले नाहीत, घरीही नाही.

निवृत्तीनंतर त्यांची दृष्टी अधू होत गेली. मी सुट्टीत आलो की त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे आणि प्रत्येक दुसऱ्या बातमीला तोच प्रश्न ऐकत असे. शेवटच्या वर्षी त्यांना मेणवलीला जावेसे वाटले. रिक्षाने गेलो, हात धरून त्यांना घाटाच्या पायऱ्या उतरवल्या. घंटेपाशी थांबून त्यांनी विचारले, “साल दिसते का?” मी म्हणालो, “हो काका, सतराशे सात.” ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “वाचून सांगतोस, की पाठ आहे म्हणून?”

मी पुढे झालो आणि पुन्हा एकदा नीट पाहिले.