बदलापूरची दुपार

मुंबईतल्या नातेवाइकांकडे गेले की ‘तुमच्याकडे कसं, अगदी शांत असतं’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळते, आणि ते खोटे नाही. मात्र बदलापूरची शांतता डोंगरांमुळे, झाडांमुळे किंवा उल्हास नदीमुळे आहे, हा त्यामागचा समज मला पटत नाही. ती मुख्यतः माणसे घरी नसल्यामुळे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर असलेल्या या गावातला कमावता माणूस सकाळच्या लोकलने निघून जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. मधल्या वेळात जे काही उरते, त्यालाच पाहुणे शांतता म्हणतात.

आमची सोसायटी नदीच्या बाजूला, म्हणजे रेल्वेच्या हिशोबाने पश्चिमेला आहे. इथल्या दिशाही रेल्वेनेच ठरवल्या आहेत. कल्याणहून कर्जतकडे जाणारा मार्ग आग्नेयेला वळत असल्यामुळे आमची पश्चिम नकाशात चक्क ईशान्येला पडते, आणि हिवाळ्यात सूर्य पूर्व म्हणवणाऱ्या भागापलीकडच्या डोंगरांकडे कलताना दिसतो. वास्तुशास्त्र पाहून घर घेणाऱ्यांची यात जी तारांबळ उडते, ती पाहण्यासारखी असते.

पहाटे साडेचारच्या सुमारास जिन्यात पावले वाजू लागतात. कुठे स्कूटर सुरू होते, कुठे डब्याची पिशवी विसरली म्हणून वरून हाक येते. बदलापूरहूनच सुटणारी गाडी मिळाली तर बसायला मिळण्याची आशा असते. कर्जत किंवा खोपोलीहून येणारी गाडी मात्र आधीच भरलेली असते. त्यामुळे इथल्या माणसाचे जेवण, झोप, मुलांचा अभ्यास, इतकेच काय पण सत्यनारायणाच्या पूजेची वेळही कोणती गाडी पकडायची यावर बेतलेली असते. तीन जणांच्या बाकावर अर्धे अंग टेकवून मिळवलेली ‘चौथी सीट’ हासुद्धा सुमारे दीड तासाच्या प्रवासात मोठा आधार ठरतो. कल्याणच्या पुढे दोनच मार्ग असल्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि आमच्या लोकल यांना त्याच रुळांवरून धावावे लागते, आणि एक गाडी रखडली की संध्याकाळी घरोघरी कुकर उशिरा लागतात. बदलापूरपर्यंत तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचे काम हाती घेतलेले आहे. कट्ट्यावरच्या निवृत्त मंडळींचा तो रोजचा विषय आहे.

साडेनऊनंतर शाळेच्या गाड्याही गेलेल्या असतात आणि खरी दुपार सुरू होते. पिठाच्या गिरणीचा आवाज, भंगारवाल्याची आरोळी आणि लांबून येणारा एक्स्प्रेसचा भोंगा एवढेच कानावर पडते. माझे काम घरून चालते, त्यामुळे ही दुपार माझ्या वाट्याला येते, आणि ती मला मनापासून आवडते. पण तिची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. वरच्या मजल्यावरचे आजोबा एकदा न्हाणीघरात घसरून पडले. आजींनी हाका मारल्या तेव्हा आमच्या विंगेत साठीच्या आतले कोणीही घरी नव्हते. होते ते सोसायटीचे वॉचमन आणि पार्सल द्यायला आलेला एक मुलगा. लिफ्ट नसल्याने त्या दोघांनी आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून खाली आणले, मी मागून त्यांचा पाय धरून जिना उतरत होते आणि आजी सगळ्यात वर कुलूप लावावे की नाही या विचारात उभ्या होत्या. त्यांचा मुलगा तोवर घाटकोपरपर्यंत पोहोचला होता. दुपारी मदतीला धावू शकतील अशांची यादी आम्ही तेव्हापासून फळ्यावर लावली; ती फार छोटी आहे.

या गावाने मला जे भरभरून दिले, ते खाण्यापिण्यात. पाऊस सुरू होण्याच्या बेतात आसपासच्या वाड्यांवरच्या ठाकूर आणि कातकरी बायका स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बसतात. आधी करवंदे, मग इथली नावाजलेली जांभळे, आणि मृगाच्या सुमारास शेवळाच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावर उगवणाऱ्या एका रानभाजीच्या, जुड्या. शेवळे घेताना सोबत काकडे ही आंबट रानफळे मागून घ्यायचीच, कारण त्यांच्या आंबटपणाशिवाय भाजी घशाला खाजते. नवख्या गिऱ्हाइकाने फक्त जुडी उचलली तर विकणारी मावशीच ‘काकडं न्या, नायतर घसा धरल’ म्हणून दटावते. कोलंबी किंवा खिमा घालून केलेली शेवळे ज्याने खाल्ली नाहीत, त्याच्याशी मी उपनगरीय जीवनाच्या फायद्यातोट्यांवर वाद घालत नाही.

नदीबद्दल मात्र सावधपणे लिहायला हवे. एरवी बॅरेजच्या, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याच्या, बाजूला फिरायला गेले की उल्हास इतकी संथ दिसते की तिचा धाक वाटत नाही. जुलैत ती वेगळी असते. २००५ च्या २६ जुलैला, नंतर २०१९ आणि २०२१ च्या जुलैतही तिचे पाणी सखल भागांतल्या तळमजल्यांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. आमच्याकडच्या गल्ल्यांत भिजलेल्या गाद्या, फ्रिज आणि शाळेची पुस्तके कितीतरी दिवस उन्हात पडून होती, ते फारसे कोणी पाहिले नाही. तरीही नदीकडेच्या इमारतींच्या जाहिरातींत ‘रिव्हर व्ह्यू’ ठळक अक्षरांत असतो.

२००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूर या आमच्या नगरपालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती आणि त्यानंतरही बांधकामे थांबलेली नाहीत. त्यामुळे ‘घर घ्यावे का?’ असे विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. रविवारी संध्याकाळी सॅम्पल फ्लॅट पाहून निर्णय घेऊ नका, एवढे मी सांगते. जुलैत एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी सातला या, सोसायटीच्या फाटकापासून फलाटापर्यंत छत्री घेऊन चालत जा आणि गाडीत शिरून दाखवा. परतताना तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांना पाणी कुठवर आले होते ते विचारा. बहुतेक जण भिंतीवर हात ठेवून दाखवतात. नळाला पाणी किती वाजता येते, तेही त्यांनाच विचारा.