डब्यातला मोगरा

“ताई, चाळ पडायला आलीय नि तुम्ही मोगरा लावताय?”

टेकू लावायला आलेला मिस्त्री सकाळी सहज बोलून गेला. रंगाच्या जुन्या डब्यात माती भरता भरता माझा हात थांबला.

खोटं काय बोलला? लालबागच्या आमच्या मजल्यावर १४ पैकी ९ खोल्यांना कुलूप. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, मग एकेक बिऱ्हाड विरार-बदलापूरला. जिन्याच्या दोन पायऱ्याही गेल्या.

पण संध्याकाळी गॅलरीत स्टूल टाकून बसलं, की समोरच्या टॉवरने सोडलेलं उरलंसुरलं ऊन नेमकं तुळशीवर पडतं. पुदिना चुरला की बोटांना वास. तेवढा अर्धा तास कुलपं दिसत नाहीत.

जाताना मिस्त्रीच म्हणाला, “कळ्या आल्या की सांगा हं, बायकोला नेईन चार.”

आता याला काय म्हणावं?