घंटा झाली की लागणारी सिगारेट

सिगारेट सोडू पाहणाऱ्या शिक्षकांना तंबाखूचे दुष्परिणाम सांगत बसू नये. तो पाठ त्यांनी स्वतः वर्गात घेतलेला असतो. दवाखान्यातल्या सिस्टरांनी (नर्सनी) पहिल्या भेटीत विचारावं ते एवढंच: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? आणि सर, दिवसातली कुठली सोडणं सगळ्यात जड जाईल? पहिली अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर नुसत्या निश्चयावर भागत नाही.

मग शाळेचं वेळापत्रक समोर घ्यायचं. शाळेत ओढता येत नाही, म्हणून तलफ घंटेला बांधलेली असते. मधली सुट्टी, ऑफ तास, सुटल्यावरची टपरी. (शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. टपरी १०१व्या यार्डावर असते!) प्रत्येक वेळेपुढे एक कृती लिहून घ्यावी. ‘मन घट्ट करेन’ हे खोडायचं. ‘मागच्या गेटने निघेन’ हे चालतं. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढाच वेळ काढायचा असतो.

निकोटिन गम, म्हणजे तलफ भागवायला थोडं निकोटिन देणारा औषधी च्युइंगम, बहुतेक जण चुकीचा वापरतात. हळू चावायचा, झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. असं अर्धा तास. साध्या च्युइंगमसारखा चघळला तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि ‘मला झेपत नाही’ म्हणून पाकीट कपाटात पडतं. आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. स्टाफरूममध्ये नेमका तेव्हाच चहा येतो. शिकवताना गम तोंडात धरता येत नाही. ज्यांचे सलग तास असतात त्यांच्यासाठी डॉक्टरांना निकोटिन पॅचबद्दल (कातडीवर चिकटवायच्या पट्टीबद्दल) विचारावं.

सोडण्याची तारीख दोन आठवड्यांच्या आतली ठरवावी, पण दिवाळीच्या सुट्टीतली शक्यतो नको. सुट्टीत टपरीच दिसत नाही, म्हणून सोपं वाटतं. शाळा उघडली की पहिल्याच दिवशी घसरतात. सुट्टीतलीच धरली असेल तर शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरांचा फोन गेलाच पाहिजे. एरवी पहिले तीन दिवस रोज, मग आठवड्याला एकदा, महिनाभर. फोन शाळेच्या वेळात नको आणि मुख्याध्यापकांच्या कानावर काहीही जाता कामा नये. दर फोनला तंबाखू-मिश्रीबद्दलही विचारावं. सिगारेट सुटते आणि खिशात चुन्याची डबी येते. मधल्या काळात आधार लागला तर राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे.