बाण मागे बघतोय

सायकलच्या टायरचा शेवटचा वीतभर तुकडा नेहमीच हट्टी असतो. दोन्ही अंगठे लाल होईपर्यंत रेटून तो एकदाचा रिममध्ये ढकलला, हवा भरली, चाक बसवलं, हात पुसले आणि मग बाण दिसला. टायरच्या कडेला, काळ्यावर काळा, बोटाच्या पेराएवढा. तो मागे बघत होता.

खरं तर चूक व्हायची शक्यता निम्मीच. पण माझ्या वाट्याला कायम तीच निम्मी येते.

बाण सांगतो ते सोपं आहे: सायकल पुढे जाताना चाक या दिशेने फिरलं पाहिजे. नक्षी बाणाच्या टोकासारखी असेल, तर सीटवरून खाली पाहिल्यावर ती टोकं साधारणपणे पुढे रोखलेली दिसतात. म्हणजे जमिनीला आधी टोक टेकतं, मग त्याचे दोन फाटे, आणि मधलं पाणी दोन्हीकडे सारलं जातं. मोटारीला हे लागतं. तिचं टायर रुंद आणि सपाट, वेगही मोठा, त्यामुळे पाण्याच्या थरावर ते तरंगू शकतं.

सायकलचं काय? विमानांच्या टायरांसाठी एक ठोकताळा आहे: टायरमधली हवा जितके पौंड, त्याचं वर्गमूळ काढा, ९ ने गुणा, तेवढ्या नॉट वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतं. माझ्या टायरमध्ये ६४ पौंड हवा धरली तर उत्तर येतं ७२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३३ किलोमीटर. मी चढावर उतरून सायकल ढकलणारा माणूस. शिवाय सायकलचं टायर अरुंद आणि गोलसर, ते पाणी आपोआपच कापत जातं. डांबरी रस्त्यावर नक्षी पुढे, मागे, की मुळीच नाही, याने फारसं काही बिघडत नाही.

चिखलात मात्र बाणाला मान द्यावा. तिथे रबराचे उंच गोटे मातीत रुततात. पॅडल मारलं की मागचं चाक माती मागे लोटतं. ब्रेक दाबला की पुढचं चाक तीच माती पुढे रेटतं. कामं उलटी, म्हणून काही टायरांवर दोन बाण असतात, पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी त्याच्या विरुद्ध दिशेचा. असं टायर हातात घेऊन उभं राहिलं की डोकं गरगरतं.

आणि ओल्या मातीतला ठसा कधी नीट पाहिलाय? टोक आधी टेकतं, म्हणून ते मागे राहतं आणि फाटे पुढे उमटतात. टायर नियमाप्रमाणे बसवलेलं असेल, तर मातीतले सगळे बाण आपण जिथून आलो तिकडे बोट दाखवतात. माग काढणारा नवखा असेल तर उलट्या दिशेने जाईल.

माझ्या मते बाणापेक्षा टायरवरचं कंपनीचं नाव जास्त कामाचं. ते वॉल्वपाशी येईल असं टायर बसवावं. हा निव्वळ नीटनेटकेपणा नाही. पंक्चर झालं की ट्यूबमधलं भोक वॉल्वपासून किती वितींवर आहे ते मोजायचं आणि टायरवर नावापासून तेवढ्याच अंतरावर बोट फिरवायचं. दोन्ही बाजूंना, कारण काढताना ट्यूब कुठल्या अंगाने उलटली ते कुणाला आठवतं! काटा तिथेच कुठेतरी बसलेला सापडतो. तो न काढता नवी ट्यूब घातली, की दहा मिनिटांत पुन्हा फुस्स.

तेव्हा बाण मागे बघतोय तर बघू दे, असं ठरवून मी दोन दिवस सायकल चालवली. काहीही फरक नव्हता. पण कुलूप लावायला वाकलं की तो दिसायचाच. तिसऱ्या दिवशी चाक काढलं, हवा सोडली, टायर उतरवलं, फिरवून पुन्हा चढवलं. अंगठे पुन्हा लाल. हवा गच्च भरली. बाण आता ऐटीत पुढे बघत होता.

नाव शोधलं. ते वॉल्वच्या बरोब्बर समोर, चाकाच्या पार दुसऱ्या टोकाला.