जीटीओची नोंद: मिसिंग अखेर सापडलं

मंडळी, तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. काल लागलं: गाडीच्या मिसिंगचं, म्हणजे चालता चालता इंजिनचा ठोका चुकून धक्के बसण्याचं, कारण.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: गाडी 1966 ची पॉन्टिॲक जीटीओ, 389 घनइंचाचं व्ही-8 इंजिन, एकच चार बॅरलचा कार्ब्युरेटर, इग्निशन मूळचंच पॉइंटवालं (पॉइंट म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, आणि कॉइल ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते). मी राहतो ट्रॉयला, मिशिगनमध्ये. ज्या पॉन्टिॲक गावाचं नाव या गाडीवर आहे ते इथून जवळच, वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या उत्तरेच्या टोकाला. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मोठी फेरी) असते आणि यंदा गाडी तिथे न्यायचीच, असं मनाशी धरलं होतं.

लक्षण नीट सांगतो. आयडलला (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) इंजिन एकदम शांत. दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तर पिकअपही साफ, कुठे अडखळणं नाही. पण ताशी 45 मैलांच्या आसपास, सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवून चालवली की झटके सुरू आणि सायलेन्सरमधून फटाके. कधी दहा मिनिटं काहीच नाही, मग सलग पाच-सहा धक्के. थंड इंजिन, गरम इंजिन, फरक नाही.

ज्यांना विचारलं त्यांतले बहुतेक जण कार्ब्युरेटर म्हणाले. मला ते पटत नव्हतं. पेट्रोल कमी पडत असेल तर ते पूर्ण पाय दाबल्यावर आधी जाणवायला हवं, कारण तेव्हाच मागणी सर्वात जास्त. हाच हिशोब कॉइलला आणि प्लगच्या वायरींना लागू आहे. पूर्ण थ्रॉटलला सिलिंडरमधला दाब जास्त असतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला व्होल्टेजही जास्त लागतं. कॉइल मरतुकडी असती तर तिथेच मान टाकली असती. तरी खात्री म्हणून रात्री गॅरेजचे दिवे घालवून, इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारला. बाहेर गळणाऱ्या ठिणगीची निळी रेघ कुठेही नाही. प्लग, कॅप, रोटर, कंडेन्सर तर मागच्याच महिन्यात बदललेले.

मग प्रायमरी, म्हणजे कॉइलची कमी व्होल्टेजची बाजू. पॉइंट बंद असताना कॉइलच्या प्लसवर 7 व्होल्टच्या आसपास, म्हणजे योग्य. (या गाडीत वेगळा बॅलास्ट, म्हणजे कॉइलचा करंट आवरणारा रेझिस्टर, नसतो. इग्निशन स्विचकडून येणारी वायरच रेझिस्टन्सची असते, आणि सेल्फ मारताना स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या आर टर्मिनलवरून कॉइलला बॅटरीचा थेट पुरवठा मिळतो. कोणी सांगितलं म्हणून वर आणखी बॅलास्ट बसवू नका, करंट कमी पडेल.) ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) 30 अंश, टायमिंग (ठिणगी किती आधी पडते) 6 अंश. सगळी मापं पुस्तकाप्रमाणे, आणि गाडी रस्त्यावर गेली की पुन्हा तेच.

शेवटी कोल्हापूरला मामाला फोन लावला. त्याने आयुष्यभर ॲम्बेसेडरी दुरुस्त केल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, उभ्या गाडीत काय मोजतोस? डेल्कोतली प्लेट हलव आणि मग मोज."

आपल्याकडे कुठल्याही गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणतात. या जीटीओत तर खरोखरच डेल्को-रेमीचा डिस्ट्रिब्युटर आहे. लहानपणी मामाच्या हाताखाली फिलर गेज धरताना या शब्दाचा उगम माहीत नव्हता. त्या दिवशी फोन ठेवल्यावर बॉनेटखाली ते नाव पुन्हा वाचलं आणि फार बरं वाटलं.

मामाचं म्हणणं असं. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालून ठिणगी आधी पाडणाऱ्या भागाच्या) ओढीने थोडी फिरते. माझ्या गाडीत व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरच्या अशा छिद्राला जोडली आहे, जिथे आयडलला व्हॅक्यूम नसतो. हलका पाय ठेवला की तो भरपूर असतो, आणि पूर्ण पाय दाबला की जवळपास संपतो. म्हणजे प्लेट फक्त तेव्हाच फिरते जेव्हा माझी गाडी झटके देते! हे लक्षात आल्यावर मी जेवण अर्धं टाकून गॅरेजमध्ये गेलो.

इंजिन आयडलवर, ड्वेल मीटर जोडलेला, व्हॅक्यूमची नळी काढून तिथे हातपंप. पंप लेकीच्या हातात, मी मीटरपाशी. 5 इंचाला (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) काही नाही. 8 ला काटा थरथरला. 12 ला काटा धाडकन खाली आणि इंजिनने धक्का दिला. खरं तर ॲडव्हान्स वाढल्यावर आयडल किंचित वाढायला हवं. पंप सोडला की पुन्हा शांत. तीनदा केलं, तीनदा तेच.

इंजिन बंद करून कॅप उघडली. कॉइलच्या मायनसकडून येणारी वायर डिस्ट्रिब्युटरच्या भिंतीतल्या रबरातून आत शिरते आणि पॉइंटला जाते. ती प्लेटबरोबर प्रत्येक वेळी वाकते. मल्टिमीटरवर नुसती ठेवली तर जवळपास शून्य ओहम. पंप मारला की लाइन ओपन. वायर बाहेर काढून दोन्ही टोकांना हलकेच ताणली तर एका जागी वेष्टन रबरासारखं लांबलं. आतले तांब्याचे धागे तिथे तुटलेले होते आणि टोकं एकमेकांना फक्त टेकत होती.

दुरुस्तीत एक चूक झाली, ती लिहितो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. घरात होती ती साधी ऑटो वायर लावली. ती जाड आणि ताठ, त्यामुळे पंप सोडल्यावर प्लेट पूर्ण मागे येईना. इथे अगदी बारीक धाग्यांची मऊ वायरच हवी. टोकाला डाग देऊ नका. कथील धाग्यांत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि तिथेच पुन्हा तुटतं. लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, आणि प्लेट पूर्ण फिरेल एवढी ढील ठेवा. पण इतकीही नको की वायर फिरणाऱ्या कॅमला लागेल.

त्यानंतर ड्वेल पुन्हा लावला. या कॅपला सरकती खिडकी आहे, तिच्यातून पाव इंचाच्या निम्म्या मापाची ॲलन की घालून इंजिन चालू असतानाच पॉइंट लावता येतात. 30 अंश झाल्यावरच, नळी काढून व बंद करून टायमिंग बघितलं. हा क्रम उलटा केला तर पॉइंट हलवल्यावर टायमिंगही हलतं. आता 15 इंचाला ड्वेलचा काटा जेमतेम एक अंश सरकतो.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. त्याने कदाचित मिसिंग गेलंही असतं, कारण जुनी वायर आपोआप बाहेर पडली असती. पण कशामुळे गेलं ते कळलं नसतं, आणि मॉड्यूलच्या वायरीही त्याच प्लेटबरोबर वाकतात.

काल संध्याकाळी वुडवर्डवर 40 मैल चालवली, मुद्दाम 45 वर, हलक्या पायाने. एकही धक्का नाही. मामाला व्हिडिओ पाठवला. कोल्हापुरात पहाट होती, तरी लगेच फोन आला आणि आधी इंजिनचा आवाज पुन्हा ऐकव म्हणाला.

तुटकी वायर डबीत ठेवली आहे. क्रूझला येणार असाल तर माझ्याकडून घेऊन एकदा स्वतः ताणून बघा. तो लांबण्याचा स्पर्श बोटांना कळला की पुढच्या वेळी तुमच्या गाडीत अर्ध्या मिनिटात ओळखाल.